एक लेख, १९ दावे

मार्च २०१७ मध्ये माल्टातल्या एका बड्या बिल्डरने तिथल्या शोधपत्रकार डॅफनी कारुआना गलिझिया यांच्यावर एकाच दिवशी अब्रूनुकसानीचे १९ दावे ठोकले. १९ लेखांवर नव्हेत. एकाच जमीन-व्यवहाराबद्दल त्यांनी ब्लॉगवर जे लिहिलं होतं, त्यातली वाक्यं सुटी करून एकेका वाक्याला एकेक दावा.

हे बिल्डरचं डोकं फिरलं म्हणून झालेलं नाही. माल्टाच्या तेव्हाच्या प्रेस कायद्यात अशा दाव्यात मिळणाऱ्या भरपाईला कमाल मर्यादा होती, सुमारे साडेअकरा हजार युरो. एक दावा केला तर तेवढीच टांगती तलवार. १९ केले की आकडा दोन लाखांच्या पुढे जातो. शिवाय प्रत्येक दाव्याला वेगळा क्रमांक, वेगळं उत्तर, वेगळ्या तारखा. कायद्याने घातलेली मर्यादा कायद्याचं एक अक्षरही न मोडता अशी १९ पट करता येते.

त्याच्या महिनाभर आधी, फेब्रुवारीत, आणखी एक गोष्ट झाली होती. देशाच्या अर्थव्यवस्था खात्याच्या मंत्र्यांनी आणि त्यांच्या सल्लागाराने मिळून डॅफनी यांच्यावर चार दावे केले आणि त्यासोबत कोर्टाकडून डॅफनी यांची बँक खाती गोठवण्याचा आदेश मिळवला. निकाल लागायचा होता, सुनावणीही झाली नव्हती. पण 'उद्या आम्ही जिंकलो आणि प्रतिवादीकडे पैसेच नसले तर?' या युक्तिवादावर सुमारे ४७ हजार युरो अडकले. चार गुणिले कमाल भरपाई, वर थोडा कोर्टखर्च: आकडा कुठून आला ते लगेच दिसतं. लोकांनी वर्गणी काढून तेवढे पैसे जमवले, हा भाग वेगळा. वर्गणी प्रत्येक वेळी जमत नाही.

१६ ऑक्टोबर २०१७ रोजी बिडनिया गावात घराजवळच कार-बॉम्बने डॅफनी यांची हत्या झाली. त्या दिवशी त्यांच्यावर चाळीसहून अधिक दावे प्रलंबित होते आणि त्यातले बरेच नंतर नवऱ्यावर आणि मुलांवर, वारस म्हणून, चालू राहिले. पिलाटस बँकेने तर अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात चार कोटी डॉलरचा दावा लावून ठेवला होता. लेख माल्टातला, बँक माल्टातली, दावा अ‍ॅरिझोनात! हत्येनंतर तो गुपचूप मागे घेतला गेला. पुढे नोव्हेंबर २०१८ मध्ये त्या बँकेचा परवाना युरोपीय मध्यवर्ती बँकेने रद्द केला.

युरोपातल्या पत्रकारितेच्या गळचेपीबद्दल लिहिताना बहुतेक जण बॉम्बपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. मला त्या १९ दाव्यांपाशी थांबायचं आहे. बॉम्ब क्वचित फुटतो. दावे रोज पडतात.

सेन्सॉर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर निळी पेन्सिल घेऊन बसलेला अधिकारी येतो. गोव्याच्या जुन्या माणसांना हे सांगावं लागत नाही. हुकूमशहा सालाझारच्या काळात पोर्तुगीज वर्तमानपत्रावर 'सेन्सॉरने तपासलं' अशी ओळच छापलेली असायची, आणि १९६१ पूर्वीच्या गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा त्या टेबलावरून जावी लागे. पोर्तुगालमध्ये ती पेन्सिल एप्रिल १९७४ च्या क्रांतीने मोडली. पण त्या व्यवस्थेत एक विचित्र प्रामाणिकपणा होता: वाचकाला निदान कळायचं की मजकूर कुणाच्या हाताखालून गेलाय. आज जो लेख वकिलाचं पत्र बघून संपादक मागे ठेवतो, त्याची खूण कुठेच उरत नाही. पेन्सिल गेली, वकिलाचं मीटर सुरू झालं.

या प्रकाराला 'स्लॅप' म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द (लोकांनी सार्वजनिक विषयांवर बोलू नये म्हणून लावलेला डावपेची दावा), पण उच्चार थपडेचा, आणि तो योगायोग नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे शहाण्याला मानगूट धरून त्या पायरीवर नेतात आणि तिथेच बसवून ठेवतात. जिंकणं हा हेतूच नसतो. दावा हरला तरी चालेल, फक्त लवकर हरता कामा नये.

पत्र कसं असतं

स्लॅपची सुरुवात बहुधा कोर्टात होत नाही, ई-मेलने होते. शुक्रवारी संध्याकाळी. (हा नियम नाही, पण या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा.) आठ-दहा पानांचं पत्र, वर ठळक अक्षरांत 'खासगी, गोपनीय, प्रसिद्धीसाठी नाही'. आत तीन मागण्या: लेख काढा, कोर्टात वाचून दाखवता येईल अशी माफी मागा, आमच्या वकिलाचा आजवरचा खर्च द्या. आणि मुदत सोमवार सकाळपर्यंत.

पहिली गोष्ट म्हणजे त्या ठळक ओळीला आपोआप कायद्याचं बळ येत नाही. इंग्लंडच्या सॉलिसिटर नियामक संस्थेने नोव्हेंबर २०२२ मध्ये वकिलांना यावरच ताकीद दिली: कारण नसताना पत्राला 'गोपनीय' किंवा 'प्रसिद्ध करू नये' असं लेबल लावून समोरच्याची दिशाभूल करणं हा शिस्तभंग ठरू शकतो. म्हणजे पत्र दुसऱ्या वकिलाला, पत्रकार संघटनेला, मदत करणाऱ्या संस्थेला दाखवता येतं. कित्येक मुक्त पत्रकार त्या एका ओळीला घाबरून पत्र कुणालाच दाखवत नाहीत, एकटेच उत्तर लिहायला बसतात आणि पहिल्याच परिच्छेदात नको ते कबूल करून मोकळे होतात.

दुसरी गोष्ट मुदतीची. इंग्लंडमध्ये दाव्याआधीच्या पत्रव्यवहाराचे ठरलेले नियम आहेत आणि त्यात उत्तरासाठी साधारण १४ दिवस धरले आहेत. सोमवार सकाळ ही वकिलाने स्वतःच्या मनाने घातलेली तारीख. पोच द्यायची, 'वकिलाशी बोलून कळवतो' एवढं एक वाक्य लिहायचं आणि थांबायचं.

तिसरी, पत्र कुणाच्या नावे आलंय ते बघायचं. वृत्तपत्राला वगळून एकट्या बातमीदाराच्या नावाने, त्याच्या घरच्या पत्त्यावर आलं असेल, तर हेतू ओळखायला फार अक्कल लागत नाही. कंपनीकडे वकील असतो, विमा असतो. बातमीदाराकडे घराचे हप्ते असतात. २०२१ मध्ये पत्रकार कॅथरीन बेल्टन यांच्या रशियावरच्या पुस्तकावर रशियन अब्जाधीश रोमन अब्रामोविच, तिथली सरकारी तेल कंपनी रॉसनेफ्ट आणि आणखी काही जणांनी लंडनमध्ये पाठोपाठ दावे केले. प्रकरणं पूर्ण खटल्यापर्यंत गेलीच नाहीत, तडजोडी झाल्या किंवा दावे मागे घेतले गेले. तरी बचावाचा खर्च सुमारे १५ लाख पौंडांवर पोचला. तिथे मागे मोठा प्रकाशक उभा होता म्हणून निभावलं.

विम्याचा विषय निघालाच आहे तर एक बारकावा. या विम्याच्या बहुतेक पॉलिसींत पत्र येताच विमा कंपनीला कळवण्याची अट असते. दावा दाखल झाल्यावर नव्हे, धमकीचं पहिलं पत्र आल्यावर. 'बघू पुढे काय होतं ते' म्हणून तीन महिने पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं की कंपनी हात वर करायला मोकळी. आणि मुक्त पत्रकार वृत्तपत्राच्या पॉलिसीत येतो की नाही, हे लेख देण्याआधी करारात बघायचं असतं, नंतर नाही.

जर्मनीत खेळ वेगळा आहे. तिथली भीती भरपाईची कमी आणि तातडीच्या मनाईची जास्त. सकाळी अर्ज, दुपारी आदेश, अन् तोही पूर्वी अनेकदा प्रतिवादीला न ऐकता. सप्टेंबर २०१८ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ठणकावलं की प्रसारमाध्यमांविरुद्धच्या अशा प्रकरणांतही दुसऱ्या बाजूला बोलण्याची संधी द्यायला हवी. त्याच्या जोडीला तिथल्या वकिलांकडे एक सुंदर हत्यार आहे, 'शुट्झश्रिफ्ट', म्हणजे संरक्षण-निवेदन. मनाईचा अर्ज येणार असा वास आला की तो येण्याआधीच आपली बाजू लिहून केंद्रीय ऑनलाइन नोंदवहीत टाकून ठेवायची. देशातल्या कुठल्याही दिवाणी न्यायालयात अर्ज आला तरी तिथल्या न्यायाधीशाला ती दिसते. सहा महिन्यांनी नोंद पुसली जाते, म्हणून प्रकरण लांबलं तर पुन्हा टाकावी लागते. दाव्याआधीच कैफियत! आपल्याकडच्या 'कॅव्हेट'ची आठवण येईल, आणि जात तीच आहे. फरक इतकाच की एका जागी टाकली की सगळीकडे लागू.

ब्रसेल्सचा कायदा आणि त्याची भोकं

डॅफनी यांच्या हत्येनंतर मोहीम झाली, आणि ११ एप्रिल २०२४ रोजी युरोपीय संघाने स्लॅपविरोधी निर्देश संमत केला. बोलीभाषेत 'डॅफनीचा कायदा'. सदस्य देशांना तो आपापल्या कायद्यात उतरवायला ७ मे २०२६ पर्यंत मुदत दिली. डेन्मार्क त्याला बांधील नाही.

आत काय आहे ते नीट बघण्यासारखं आहे, कारण प्रत्येक कलम वरच्या कुठल्या ना कुठल्या युक्तीला उत्तर म्हणून लिहिलंय. दावा उघडउघड निराधार असेल तर कोर्टाने तो सुरुवातीलाच फेटाळायचा. आणि प्रतिवादीने तसा अर्ज केला की दाव्यात दम आहे हे दाखवण्याची जबाबदारी वादीवर. वादीकडून आधीच हमी रक्कम भरून घेता येते. प्रतिवादीचा वकिली खर्च, अवाजवी नसेल तर, पूर्ण वादीच्या डोक्यावर टाकता येतो. नुसता सरकारी दरपत्रकातला नाही, प्रत्यक्ष झालेला. दंड लावता येतो, निकाल प्रसिद्ध करायला लावता येतो. पत्रकार संघटना किंवा संस्था प्रतिवादीच्या मदतीला कोर्टात उभी राहू शकते. आणि संघाबाहेरच्या देशातल्या कोर्टाने असा निकाल दिला तर त्याला इथे मान्यता नाकारायची. या शेवटच्या कलमाआड अ‍ॅरिझोना स्पष्ट दिसतं.

दावा 'दुरुपयोगी' आहे हे ओळखायच्या खुणाही लिहून दिल्यात: अवाच्या सवा रक्कम, त्याच विषयावर एकाच माणसाचे किंवा त्याच्याशी संबंधितांचे अनेक दावे, आधी किंवा दरम्यान धमक्या, मुद्दाम वेळ काढणं, सोयीचं कोर्ट शोधत देश फिरणं, शेवटच्या टप्प्यावर दावा मागे घेणं. १९ दावे दुसऱ्या खुणेत चपखल बसतात.

आता भोकं. पहिलं सगळ्यात मोठं: निर्देश फक्त सीमापार दिवाणी दाव्यांना लागू. दोन्ही पक्ष एकाच देशातले, कोर्ट त्याच देशातलं आणि प्रकरणाचे बाकीचे धागेही तिथलेच असले, तर तो लागू नाही. स्लॅपविरोधी संस्थांच्या आघाडीने, 'केस'ने, २०१० पासून युरोपात एक हजाराहून जास्त दावे नोंदवलेत. त्यात सीमापार म्हणावेत असे दहात एखादाच. बाकीचे गावातल्या गावात. नगरपालिकेचा ठेकेदार आणि गावचं न्यूज पोर्टल. त्यांच्यासाठी देशी कायदा करताना सरकारने मनाने व्याप्ती वाढवली तरच काही होणार. म्हणून एखाद्या देशाने 'आम्ही निर्देश लागू केला' अशी घोषणा केली की पहिला प्रश्न हा विचारायचा: देशांतर्गत दावे धरले की नाही? बाकी शोभा.

दुसरं भोक बारीक आहे पण वकिलांना पहिल्या वाचनातच दिसतं. लवकर फेटाळण्याची सोय फक्त 'उघड निराधार' दाव्यांना. दुरुपयोगी पण पूर्ण निराधार नसलेल्या दाव्यात खर्च मिळेल, दंड लागेल, पण शेवटी. तोवर दोन-तीन वर्षं गेलेली. हुशार वादी असा दावा करतोच कशाला की जो पहिल्या दिवशी उडेल? तो लेखातली एक खरी चूक शोधतो, तारीख चुकली, पदाचं नाव चुकलं, आणि त्या चुकीभोवती मोठा दावा विणतो.

तिसरं, फौजदारी अब्रूनुकसानी यात येतच नाही. इटलीत ती दंडसंहितेच्या ५९५ व्या कलमात आहे. पोलंडमध्ये २१२ व्या, माध्यमातून केली तर एक वर्षापर्यंत कैद. इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने २०२१ मध्ये सक्तीच्या तुरुंगवासाची तरतूद उडवली, पण कैदेची शक्यता अगदी गंभीर प्रकरणांपुरती राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये रोबेर्तो साव्हियानो यांना जॉर्जा मेलोनींबद्दलच्या टीव्हीवरच्या एका शब्दाबद्दल १,००० युरोंचा दंड झाला, तोही स्थगित. रक्कम किरकोळ. पण फिर्याद पंतप्रधानांच्या नावाची आणि समोर एक लेखक, हे चित्र ज्यांना बघायचं होतं त्यांनी बघितलं. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने २००४ मध्येच, रुमानियाच्या एका खटल्यात, सांगून ठेवलंय की पत्रकाराला लिखाणासाठी कैद फक्त अपवादात्मक प्रकरणांत, हिंसेला चिथावणी वगैरे असेल तरच, चालेल.

माल्टाचं बोलायचं तर तिथे २०१८ च्या माध्यम कायद्याने फौजदारी अब्रूनुकसानी रद्द झाली आणि अशा दाव्यांत खाती गोठवणंही बंद झालं. डॅफनी यांना त्याचा काय उपयोग!

खासगीपणाचा कायदा, उलटा धरलेला

एक युक्ती अशी आहे की तिच्यात अब्रू हा शब्दच येत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये रुमानियातल्या राइज प्रोजेक्ट या शोधपत्रकारांच्या गटाने एका बॅगेत सापडलेल्या कागदपत्रांवरून सत्ताधारी पक्षाच्या प्रमुखाशी जोडलेल्या व्यवहारांवर लिहिलं. काही दिवसांत देशाच्या डेटा-संरक्षण प्राधिकरणाचं पत्र आलं: ही वैयक्तिक माहिती कुठून मिळाली, कुठे साठवली आहे, ते कळवा, नाहीतर दोन कोटी युरोंपर्यंत दंड. म्हणजे सूत्र कोण, हाच प्रश्न, फक्त जीडीपीआरचा, म्हणजे युरोपच्या वैयक्तिक माहिती-संरक्षण कायद्याचा, अंगरखा घालून आलेला. हंगेरीत जानेवारी २०२० मध्ये त्याच कायद्याच्या आधारे श्रीमंतांची यादी छापणारा फोर्ब्सचा अंक स्टॉलवरून परत बोलवायला लागला.

जीडीपीआरच्या ८५ व्या कलमात पत्रकारितेसाठी सवलत आहे, पण ती प्रत्येक देशाने आपापल्या कायद्यात लिहायची आहे, आणि तिथे काही सरकारांनी हात आखडता घेतला. त्यामुळे 'माझ्याबद्दलची सगळी माहिती द्या' असा अर्ज बातमीत नाव असलेल्या माणसाकडून आला, तर तो केराच्या टोपलीत टाकायचा नाही. एक महिन्याची मुदत असते. त्या मुदतीत, आपल्या देशाच्या सवलतीच्या कलमाचा आकडा लिहून, नकार लेखी द्यायचा. गप्प बसलात तर दंड मुदत चुकवल्याचा लागतो. मग सवलत होती की नव्हती हा वाद बाजूलाच राहतो.

फोन

ग्रीसमधले आर्थिक पत्रकार थानासिस कुकाकिस यांना जुलै २०२१ मध्ये एक एसएमएस आला. ओळखीच्या सुरात नाव घेऊन विचारलेला एक साधा प्रश्न आणि खाली बातमीची वाटावी अशी लिंक. त्यांनी ती दाबली. प्रिडेटर हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर सुमारे दहा आठवडे फोनमध्ये बसून होतं, हे मार्च २०२२ मध्ये टोरांटोच्या सिटिझन लॅब या संशोधन संस्थेने सिद्ध केलं. ऑगस्टमध्ये पंतप्रधान कार्यालयाच्या सरचिटणीसांनी राजीनामा दिला आणि त्याच दिवशी या प्रकरणावर लिहिणाऱ्या पत्रकारांवर दावा लावला. कुकाकिस यांच्यावरही, दुसऱ्यांची बातमी ट्विटरवर पुढे पाठवली म्हणून. पाळत आणि दावा हे वेगळे विषय नाहीत, हे यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणार?

आता लिंकसुद्धा दाबावी लागत नाही. जानेवारी २०२५ च्या शेवटी व्हॉट्सअ‍ॅपने साधारण ९० जणांना कळवलं की पॅरागॉन कंपनीच्या सॉफ्टवेअरने तुमच्यावर हल्ला झालाय; त्यात इटलीच्या फॅनपेज या पोर्टलचे संपादक फ्रान्चेस्को कान्चेल्लातो होते. पद्धत अशी की ग्रुपमध्ये घ्यायचं, पीडीएफ पाठवायची, फोन ती आपणहून उघडून वाचतो तेवढ्यात काम झालं.

असा इशारा आला की माणूस घाबरून पहिली गोष्ट करतो ती फोन फॅक्टरी रीसेट. नेमकं तेच करायचं नाही. पुरावा असतो तो फोनच्या आतल्या नोंदींत, आणि त्या रीसेटने जातात. नुसत्या वापरानेही हळूहळू एकावर एक लिहिल्या जातात. सिम बाहेर, फोन विमान मोडवर, चार्ज राखलेला. इशाऱ्याच्या स्क्रीनचा दुसऱ्या फोनने फोटो. मग तज्ज्ञाच्या सांगण्याप्रमाणे एन्क्रिप्टेड बॅकअप. अ‍ॅम्नेस्टीने बनवलेलं एमव्हीटी हे मोफत साधन तो बॅकअप तपासतं, पण त्यात काही सापडलं नाही म्हणजे फोन निर्मळ, असा अर्थ होत नाही. रोजच्यासाठी दोन सवयी पुरेशा खर्चिक ठरतात समोरच्याला: आयफोनवर लॉकडाउन मोड (हल्ल्याच्या वाटा बंद करणारी सेटिंग), आणि दिवसातून एकदा फोन पूर्ण बंद करून चालू करणं. यातली बरीच सॉफ्टवेअरं रीस्टार्टनंतर टिकत नाहीत, त्यांना पुन्हा आत शिरावं लागतं.

कायद्याच्या बाजूने युरोपीय माध्यम स्वातंत्र्य कायदा ८ ऑगस्ट २०२५ पासून मुख्यतः लागू झाला. हा निर्देश नव्हे, थेट नियम. देशांनी उतरवायची गरज नाही. त्याच्या चौथ्या कलमानुसार पत्रकाराच्या फोनवर असं सॉफ्टवेअर टाकायला न्यायाधीशाची किंवा स्वतंत्र प्राधिकरणाची आधी परवानगी हवी, आणि गुन्हा गंभीर हवा: युरोपीय अटक वॉरंटच्या यादीतला असेल तर त्याची कमाल शिक्षा निदान तीन वर्षं असावी, यादीबाहेरचा असेल तर निदान पाच. तातडीच्या प्रकरणांत परवानगी मागाहून. ही 'तातडी' आणि तिच्या शेजारची 'राष्ट्रीय सुरक्षा' ही दोन दारं किती उघडी राहतात, ते न्यायालयं ठरवतील. ग्रीसमध्ये कुकाकिस यांचा फोन गुप्तचर खात्याने २०२० मध्ये वेगळा ऐकला होता तो याच सुरक्षेच्या नावाखाली.

गळचेपीचा आणखी एक मार्ग म्हणजे माध्यमांची मालकी; तिच्याबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यावर बरंच लिहिलं जातं. दोनच गोष्टी. २०१८ च्या नोव्हेंबरात हंगेरीत सरकारधार्जिण्या मालकांनी चारशेहून जास्त माध्यमं एका प्रतिष्ठानाला *दान* दिली, आणि सरकारने हा व्यवहार राष्ट्रीय महत्त्वाचा ठरवून स्पर्धा आयोगाच्या तपासणीतून सोडवला. आणि डिसेंबर २०२० मध्ये पोलंडमध्ये सरकारी नियंत्रणातल्या ऑर्लेन या तेलकंपनीने वीस प्रादेशिक दैनिकं आणि शंभराहून जास्त साप्ताहिकं विकत घेण्याचा सौदा केला. पेट्रोल पंपवाल्याला जिल्हा आवृत्त्या कशाला हव्यात, हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

वाक्यांचा तक्ता

या सगळ्यावर टेबलाशी बसून करता येण्यासारखं काम आहे, कंटाळवाणं आहे, आणि तेच उपयोगी पडतं. वादीचा वकील वाक्यं सुटी करणारच आहे. मग ती आपण आधी करायची.

छापण्याआधी लेखातल्या प्रत्येक वस्तुस्थितीच्या वाक्याला क्रमांक. समोर दुसऱ्या रकान्यात आधार: कोणता कागद, कोणतं पान, कोणत्या तारखेचा उतारा. तिसऱ्यात, हे विधान आहे की मत. 'कंपनी अमुकच्या मेव्हण्याची आहे' हे विधान, त्याला नोंदणी कार्यालयाचा तारखेसह उतारा हवा. 'हे संशयास्पद आहे' हे मत, पण त्याखालची विधानं लेखातच वाचकाला दिसायला हवीत, नाहीतर मत म्हणून टिकत नाही. मथळा, फोटोओळ आणि सोशल मीडियावरच्या दोन ओळी यांनाही क्रमांक द्यायचे. लेखात 'आरोप आहे' आणि ट्विटमध्ये 'खाल्ले', अशी तफावत हमखास सापडते, आणि दावा ट्विटवर लागतो.

वेबपानाचा नुसता स्क्रीनशॉट कमी पडतो. पत्ता आणि वेळ दिसत नाही, आणि 'तुम्ही बनवलाय' म्हणायला जागा राहते. पान पीडीएफमध्ये, शिवाय सार्वजनिक वेब-अर्काइव्हमध्ये, आणि फाइलचा हॅश (फाइलमध्ये अक्षर बदललं तरी बदलणारा तिचा डिजिटल ठसा) काढून तो स्वतःला ई-मेल.

समोरच्याला प्रश्न लेखी. 'आपली प्रतिक्रिया हवी' हा प्रश्न नव्हे. 'तुम्ही अमुक तारखेला अमुक कंपनीचे संचालक होतात का?' हा प्रश्न. गुंतागुंतीच्या आर्थिक प्रकरणात चोवीस तास देणं म्हणजे न्यायाधीशाच्या हातात काठी देणं. पाच ते सात कामाचे दिवस द्यावेत. उत्तर आलं तर त्याचा गाभा लेखात घ्यावा, आणि नाही आलं तर पाठवल्याची नोंद फाइलीत राहावी. तडजोडीपेक्षा ही नोंद स्वस्त पडते.

आणि सूत्रांची नावं या तक्त्यात कधीही नाहीत. हा तक्ता उद्या वकिलाला द्यायचाय, परवा कदाचित कोर्टाला. तिथे फक्त 'सूत्र १', 'सूत्र २'. नावं वेगळ्या जागी, शक्यतो डोक्यात. सूत्र उघड करायला लावणं हा मूळ हक्काचा भंग ठरू शकतो, हे स्ट्रासबर्गने १९९६ मध्ये गुडविन खटल्यात इंग्लंडला सांगितलं खरं, पण गुडविन यांना आधी ५,००० पौंड दंड होऊन गेला होता.

मदतीसाठी दरवाजे आहेत. लंडनची मीडिया डिफेन्स वकिलाच्या खर्चाला हातभार लावते, लाइपझिगचं युरोपीय प्रेस आणि माध्यम स्वातंत्र्य केंद्र कायदेशीर मदतीचे अर्ज घेतं, केस आघाडी दाव्याची नोंद करून घेते आणि आवाज उठवते. अर्ज करताना पत्राची प्रत, तक्ता आणि लेखाची मूळ आवृत्ती लागते. पत्र आल्यावर घाबरून लेखात गुपचूप फेरफार केलेला असेल तर तोही सांगावा लागतो, म्हणून तसा तो करूच नये. दुरुस्ती असेल तर तारखेसह उघड.

बर्लिनला, डब्लिनला, ॲम्स्टरडॅमला राहून मराठीत ब्लॉग लिहिणारे बरेच जण आहेत आणि त्यांना वाटतं हे सगळं पत्रकारांपुरतं. निर्देशात पत्रकार असण्याची अट नाही. सार्वजनिक हिताच्या विषयावर बोलणारा कुणीही त्यात बसतो. तुम्ही तिकडे बसून इकडच्या एखाद्या बिल्डरवर लिहिलंत आणि त्याने पुण्यात किंवा पणजीत दावा लावला, तर दोन कलमं आपली: तो निकाल तिथे वसूल करायला आला की तिथल्या कोर्टाला मान्यता नाकारता येते, आणि दाव्यामुळे झालेल्या खर्चाची व नुकसानाची भरपाई तुम्ही राहता त्या देशाच्या कोर्टात मागता येते. त्यासाठी तुमचं वास्तव्य तिथलं आहे हे दाखवावं लागतं. पत्त्याची नोंदणी, जर्मनीत 'आनमेल्डुंग'ची पावती, लेख लिहिला त्या दिवशी लागू असलेली आणि दाव्याची नोटीस मिळाली त्या दिवशीची, दोन्ही फाइलीत ठेवा. आणि समोरच्याने शेवटच्या क्षणी दावा मागे घेतला तर हुश्श करून फाइल बंद करू नका: माघार घेतल्यावरही खर्च मागता येतो, तो अर्ज वेळेत करावा लागतो, आणि तेव्हा सगळे इतके दमलेले असतात की तो राहून जातो.